कुरळे केस, आच न लावता

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात महिलांसमोर केलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन

नमस्कार. ऐन जुलैत खानापुरात केसांवर बोलायला बोलावलंत, कमाल आहे तुमची! इथे पंचा चार दिवस वाळत नाही, केस कुठले वाळायला. पण आजचा सगळा विषय वाळण्याचाच आहे, तेव्हा जागा चुकलेली नाही.

केस सरळ कसे करायचे ते सांगायला मी आलेले नाही. कुरळा केस कुरळाच ठेवून त्याची लांबी थोडी मोकळी करायची, एवढंच. यात नुसती हौस नाही. दाट कुरळा केस वाळताना आखडत जातो, शेजारच्या केसात अडकतो आणि टोकांना बारीक गाठी बसतात. त्या फणीने ओढल्या की केस तुटतो. ताणून वाळवला तर गुंता कमी होतो. घट्ट वेटोळ्यांचा केस वाळल्यावर आपल्या खऱ्या लांबीच्या निम्म्याहूनही कमी दिसू शकतो. ‘माझे केस वाढतच नाहीत’ म्हणणाऱ्या मुलीची एक बट ओली करून ओढून बघा, पाठीपर्यंत येते.

आपल्या तालुक्यात आणि खाली हल्याळ-यल्लापूरच्या जंगलपट्ट्यात सिद्दी वस्त्या आहेत, म्हणजे ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले त्या लोकांच्या. उत्तर कन्नडमधल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा आधीच होता. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतल्यांना तो २०२० साली मिळाला. पिढ्यान्‌पिढ्या इथल्या असलेल्या या बायकांसाठी बाजारात केसांचं काय मिळतं? सगळं सरळ केसवाल्यांचं. पार्लरमध्ये गेल्या की पहिला प्रश्न, ‘स्ट्रेटनिंग करायचं का?’ मी स्वतः पार्लर चालवते म्हणून सांगते, दुसरं काही येत नसलं की हा प्रश्न विचारतात.

आता थोडं शास्त्र. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याच्या साखळ्यांना धरून ठेवणारे गंधकाचे बंध पक्के. ते पाण्याला दाद देत नाहीत, केसाचा मूळ आकार सांभाळतात. हायड्रोजनचे बंध कच्चे. पाणी लागलं की सुटतात आणि वाळताना केस ज्या आकारात असेल त्याच आकारात पुन्हा जुळतात. सुती लुगडं ओलं असताना घडी पडली तर ती तशीच वाळते, पाणी शिंपडलं की जाते. तिथेही हेच बंध असतात. स्ट्रेटनरची पट्टी हेच काम झटक्यात करते, पण २०० अंशांच्या आसपास तापून, आणि तेवढ्या उष्णतेला खुद्द प्रथिनच बिघडतं. ओल्या केसावर ती ठेवली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात पोकळ फुगे येतात आणि तिथेच तो तुटतो. असे जळलेले कुरळ पुन्हा वळत नाहीत. नवीन केस यायची वाट बघत बसायचं.

म्हणजे पाण्याने सोडवा, ताणून धरा आणि पूर्ण वाळू द्या. पद्धती अनेक असल्या तरी तत्त्व हेच.

सगळ्यात सोपी म्हणजे वेणी. धुतल्यावर केस निथळू द्या, बोटांनी गुंता सोडवा, आठ-दहा वेण्या घाला. जाड वेण्या कमी घातल्या तर केस जास्त ताणला जातो पण वाळायला रात्र पुरत नाही; बारीक जास्त घातल्या तर लवकर वाळतात आणि नागमोडी पडतात. दुसरी पद्धत पट्ट्यांची. जुन्या बनियनच्या मऊ पट्ट्या कापून बटेला मुळापासून टोकापर्यंत थोड्या थोड्या अंतरावर बांधायच्या. रबरबँड मात्र नको, केस घेऊनच सुटतो.

माझी आवडती पद्धत दोऱ्याची. नायजेरियातल्या योरुबा बायकांची ही जुनी कला. बट घ्यायची आणि जाडसर सुती दोरा मुळापासून टोकापर्यंत फिरवत न्यायचा. केसाला आखडायला जागाच उरत नाही, त्यामुळे सगळ्यात चांगला ताण मिळतो, मुळाशीसुद्धा. वेणीला ते जमत नाही. इथे जरा सांभाळून बोलते. योरुबा पश्चिम आफ्रिकेतले, सिद्दींचे पूर्वज मुख्यतः पूर्व आफ्रिकेकडून आलेले. आफ्रिका म्हणजे एकच गाव नव्हे. पण कला कुठलीही असली तरी शिकायला कोण अडवतंय?

दोरा फिरवायचा, आवळायचा नाही. कपाळाकडची त्वचा ओढली जात असेल, बारीक पुटकुळ्या येत असतील, डोकं ठणकत असेल तर लगेच सोडा. सतत ओढ बसली की कपाळावरचे आणि कानशिलाजवळचे केस विरळ होतात. वेळीच थांबलं तर परत येतात, वर्षानुवर्षं चाललं तर मूळच मरतं. शाळेच्या दोन घट्ट वेण्या, वर लाल रिबीन, हेही त्यातच आलं. आयांनो, शिस्त वेणी नीट असण्यात असते, डोळे ताणले जाण्यात नसते.

तेलाचं विचारणार, माहीत आहे. खोबरेल केसात मुरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. २००३ सालच्या एका अभ्यासात सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाला ते जमलं नव्हतं. म्हणून खोबरेल धुण्याआधी लावा. ताणून वाळवताना घडी टिकवायला जवस उकळून, गरम असतानाच फडक्यातून गाळलेला चिकट गर बरा पडतो. तो फ्रीजमध्ये ठेवा, वास बदलला की टाका. ग्लिसरीनचं क्रीम मात्र पावसाळ्यात बाजूला ठेवा. ते हवेतली ओल ओढून घेतं आणि केस दुपारपर्यंत पुन्हा आखडतो.

अथणी-चिकोडीकडे उन्हाळ्यात वेणी दोन तासांत वाळेल, खानापूर-कणकुंबीकडे सकाळपर्यंत आत ओलीच असेल. अर्धवट ओली सोडलीत तर सगळी मेहनत वाया, शिवाय ओलं डोकं बांधून झोपलं की कुबट वास आणि खाज. इथल्यांनी रात्री धुऊच नये. सकाळी धुवा, पंख्याखाली बसा, ड्रायर असेल तर गार हवेवर ठेवा. सोडण्याआधी मधल्या वेणीचं मूळ चाचपा, सगळ्यात शेवटी तेच वाळतं. रात्री जुन्या रेशमी साडीचा तुकडा डोक्याला बांधा, सुती अभ्र्यावर केस घासतो.

आणि रस्त्यात भिजलात तर? आखडू द्या. पुढच्या धुण्याला पुन्हा ताणता येतात. आता दोघी पुढे या, एकीला पट्ट्या बांधू, दुसरीला दोरा. दोरा मी आणलाय.