पिटहोल: तेलावर वसलं, तेलाबरोबर गेलं

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात एक टेकडी आहे. तिच्यावर गवत कापून आखलेल्या पट्ट्या दिसतात, ते पिटहोल गावाचे रस्ते.

7 जानेवारी 1865. ओढ्याकाठच्या होल्मडेन यांच्या शेतात फ्रेझर विहिरीला तेल लागलं. मे महिन्यात त्याच शेतात 500 भूखंड पडले. यादवी युद्धातून सुटलेले सैनिक, दलाल, सुतार, नशीब काढायला निघालेले सगळे इकडे लोटले. डिसेंबरपर्यंत वस्ती 20,000 च्या घरात. पन्नासावर हॉटेलं, नाटकगृह, गावाचं स्वतःचं दैनिक! घरं मात्र लाकडाची, घाईघाईने ठोकलेली.

तेल भरपूर, पण न्यायचं कसं? रेल्वे पाच मैलांवर आणि वाट चिखलाची. गाडीवान एका पिंपामागे तीन डॉलरपर्यंत घेत. विहीरमालक चरफडत, पण देत. घोड्यांचे हाल तर बघवत नसत. चिखल-तेलात राबून त्यांच्या अंगावरचे केस झडत.

यावर तोड काढली सॅम्युएल व्हॅन सिकल या तेलव्यापाऱ्याने. ऑक्टोबर 1865 मध्ये त्याने दोन इंची लोखंडी नळी थेट मिलर फार्मच्या रेल्वेपर्यंत टाकली. वाफेचे पंप तेल ढकलू लागले. भाडं पिंपामागे एक डॉलर. गाडीवानांनी नळी उखडली, तोडली; शेवटी तिच्यावर बंदूकधारी पहारा बसला. त्यांचा राग मला खोटा वाटत नाही. त्यांची रोजीच गेली होती. तेलवाहिन्यांच्या इतिहासात व्हॅन सिकलचं नाव आहे. या गाडीवानांपैकी एकाचंही नाही.

गाव मात्र नळीमुळे मोडलं नाही. जो तो शेजाऱ्याच्या आधी तेल उपसायला धावला. एकमेकींना खेटून विहिरी पडल्या आणि जमिनीखालचा दाब ओसरला. फ्रेझर विहीर तर पहिल्याच वर्षी थांबली. 1866 मध्ये पैसा पुरवणारी बँक बुडाली, आगींमागून आगी लागल्या. लाकडी घरं भराभर पेटली.

1868 मध्ये जवळच्या प्लेझंटव्हिलला तेल लागलं. लोकांनी उरलेली घरं सुटी करून फळ्यांसकट तिकडे नेली. 1870 च्या जनगणनेत पिटहोलमध्ये तीनशे माणसंही भरली नाहीत. 1877 मध्ये गावाचा दर्जा रद्द झाला. ज्या शेताचा सौदा 1865 मध्ये दहा लाखांहून जास्त डॉलरला झाला, तिथली गावाची जागा 1879 मध्ये काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, 4 डॉलर 37 सेंटला घेतली.