मरीन सैनिक फरशीला 'डेक' का म्हणतात?

नमस्कार मंडळी! अमेरिकेच्या मरीन कोअरमध्ये पोरगा भरती झाला की पहिल्याच दिवशी त्याचे घरचे शब्द सुटतात. दाराला 'हॅच' म्हणायचं, भिंतीला 'बल्कहेड', फरशीला 'डेक', सगळे जहाजावरचे शब्द. पेनसुद्धा पेन राहत नाही, ती 'इंक स्टिक' होते. आणि हे सगळं चालतं कुठे? पॅरिस आयलंड नाहीतर सॅन डिएगोच्या प्रशिक्षण तळावर, चांगल्या पक्क्या बराकीत. जहाजाचा पत्ता नाही!

पण हे दल जहाजासाठीच उभं राहिलं. १० नोव्हेंबर १७७५ ला समुद्रावर लढू शकतील अशा दोन पलटणी उभारायचं ठरलं, आणि आजही मरीन कोअर नौदल खात्याखालीच येतं. त्यामुळे समुद्र मागे राहिला, तरी बोली सोबत आली.

आता माझा सगळ्यात आवडता शब्द सांगते: 'हेड', म्हणजे संडास. शिडाच्या जहाजावर खलाशांची शौचाची सोय अगदी पुढे, नाळेपाशी असायची. इंग्रजीत त्या टोकाला हेड म्हणत. वारा मागून शिडात भरायचा, त्यामुळे घाण वास पुढे निघून जायचा, आणि लाटांचं पाणी उडून जागा धुतली जायची. किती विचार करून निवडलेली जागा! म्हणून वाळवंटातल्या तळावरसुद्धा मरीन 'हेड'लाच जातो.

तसंच 'स्कटलबट'. बट म्हणजे पिंप, आणि पाणी काढायला त्याला पाडलेलं भोक ते स्कटल. खलाशी तिथे पाणी प्यायला जमायचे आणि कुजबुज सुरू व्हायची. आज स्कटलबट म्हणजे उडती बातमी. आपल्या पाणवठ्यावर तरी वेगळं काय व्हायचं?

काही शब्द परमुलखातून आले. 'बूनडॉक्स', म्हणजे आडरान, हा फिलिपिन्सच्या तागालोग भाषेतला 'बुंडोक', डोंगर. 'गुंग हो' चीनमधला. तिथल्या औद्योगिक सहकारी संस्थांचं ते छोटं नाव. इव्हान्स कार्लसन हे मरीन अधिकारी चीनमध्ये राहून आले होते. १९४२ मध्ये त्यांनी आपल्या रेडर, म्हणजे छापे घालणाऱ्या, बटालियनला हेच ब्रीद दिलं: मिळून काम करा. आज इंग्रजीत त्याचा अर्थ अति उत्साही असा झालाय. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण मूळ अर्थ फार मोलाचा होता.

आणि एक शब्द तर काढूनच घेतला जातो: 'मी'. तेरा आठवड्यांच्या प्रशिक्षणात "मला पाणी हवंय" असं म्हणायची सोय नाही. "या रिक्रूटला पाणी हवंय," असं म्हणायचं. शेवटी येते 'क्रूसिबल', अपुऱ्या झोपेची आणि मोजक्या जेवणाची ५४ तासांची परीक्षा. ती पार पडली की हातात एक छोटं चिन्ह येतं. त्यावर गरुड, पृथ्वीगोल आणि जहाजाचा नांगर. तेव्हा कुठे त्याला पहिल्यांदा 'मरीन' अशी हाक मारतात.