व्यायाम करताना कसं वाटतंय?

मित्रहो, आज समोर बरेच ट्रेनर बसले आहेत, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. नवीन माणूस आला की आपण त्याचं वजन करतो, कंबर मोजतो, जुनी दुखणी विचारतो आणि कार्यक्रम आखून देतो. पुढे दर आठवड्याला वजन किती उचललं, किती वेळ पळाला, हे वहीत लिहून ठेवतो. त्या वहीत एक रकाना नसतो: हे सगळं करताना त्याला वाटत कसं होतं. तो माणूस पुढच्या वर्षी व्यायाम करत असेल की नाही, याचा अंदाज बांधायला हाच रकाना फार उपयोगी पडतो, असं माझं ठाम मत आहे.

याला आधार आहे. डेव्हिड विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. व्यायामाची सवय नसलेल्या लोकांना त्यांनी ट्रेडमिलवर मध्यम जोर लागेल इतपत चालायला लावलं आणि चालत असतानाच विचारलं, आत्ता कसं वाटतंय? ज्यांना त्या वेळी बरं वाटत होतं, ते सहा महिन्यांनी आणि बारा महिन्यांनीही इतरांपेक्षा जास्त हालचाल करताना आढळले. अभ्यास लहान होता, पण नंतरच्या कामातूनही साधारण हेच चित्र पुढे आलं. व्यायाम संपल्यावर वाटणाऱ्या बरेपणाचा मात्र पुढच्या सवयीशी तितका संबंध दिसत नाही. ‘आत्ता त्रास होईल, पण नंतर बघा किती छान वाटतं’ असं आपण ज्याला समजावतो, त्याच्या लक्षात तो आत्ताचा त्रासच राहतो.

हा त्रास नेमका कुठे सुरू होतो, ते बघू. चालण्याचा वेग वाढवत नेला की एका टप्प्यानंतर श्वास एकदम वाढतो आणि पूर्ण वाक्य बोलणं जड जातं. पँटेलिमॉन एकेकाकिस यांनी या टप्प्यावर बरीच वर्षं काम केलं आहे. त्याच्या खाली असताना बहुतेकांना बरं वाटतं. टप्प्याच्या आसपास माणसामाणसांत फरक पडतो. एखाद्याला तिथे चेव येतो, दुसऱ्याला नकोसं होतं. टप्पा बराच ओलांडला की जवळपास सगळ्यांनाच वाईट वाटू लागतं. आता, ज्याला व्यायामाची अजिबात सवय नाही किंवा ज्याचं वजन जास्त आहे, त्याचा टप्पा फार लवकर येतो. तुम्ही ‘नुसतं वॉर्मअप’ म्हणून जे झपाझप चालायला सांगता, तिथेच तो टप्प्यापलीकडे गेलेला असू शकतो. तो थांबला की आपण त्याला आळशी ठरवतो. हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि तो रोज होतो म्हणून मला त्याचा राग येतो.

म्हणून दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. श्रम किती वाटतात, यासाठी गुन्नार बोर्ग यांची ६ ते २० आकड्यांची मोजपट्टी तुम्हाला माहीत आहे: ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत, २० म्हणजे जास्तीत जास्त श्रम. कसं वाटतंय, यासाठी हार्डी आणि रेजेस्की यांची १९८९ची मोजपट्टी आहे: उणे ५ म्हणजे फारच वाईट, अधिक ५ म्हणजे फारच छान. या दोन आकड्यांची फारकत होऊ शकते. भरपूर वजन उचलणारी बाई श्रमांना १७ देईल आणि आनंदाला अधिक ४. तिला सोपं काम दिलंत तर ती कंटाळेल. आनंद म्हणजे आराम, असं मी म्हणतच नाही.

श्रमांपेक्षाही लाज माणसाला जास्त लांब ठेवते. चारचौघांत वजनकाट्यावर उभं करणं, लांबून मोठ्याने चूक दाखवणं, सतत आरसा समोर असणं, शेजारच्याशी तुलना. जो अपराधी वाटून व्यायामाला येतो, तो पहिले काही आठवडे अगदी काटेकोर असतो. मग एक दिवस चुकतो. त्या चुकलेल्या दिवसाची लाज वाटते, म्हणून दुसऱ्या दिवशी तोंड दाखवायला नको वाटतं, आणि तिथून त्याचा व्यायाम सुटतो. अशा माणसाला पुन्हा ओरडा दिला तर तो आणखी दूर जातो. ‘बरं झालं आलात, आज काय करावंसं वाटतंय?’ एवढं विचारलंत तरी त्याला पाय ठेवायला जागा मिळते. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी माणसाच्या प्रेरणेसाठी निवडीचं स्वातंत्र्य, आपल्याला जमतंय ही जाणीव आणि आपलेपणा या गरजा सांगितल्या, त्या अशा साध्या प्रश्नांतून भागतात.

संगीताबद्दल थोडक्यात सांगतो. हलक्या आणि मध्यम श्रमांत ते मदत करतं. अगदी दमछाक होते तेव्हा त्याने श्रम कमी वाटत नाहीत.

शेवटाकडे मात्र नीट लक्ष द्या. अनुभवातला सर्वांत तीव्र क्षण आणि त्याचा शेवट आठवणीवर जास्त ठसतो, हे डॅनियल काहनेमन यांच्या प्रयोगांतून पुढे आलं. झेन्को आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली ते व्यायामाला लावून पाहिलं. जोर हळूहळू कमी करत नेलेला व्यायाम लोकांना जास्त सुखद आठवला. जोर वाढवत नेलेला तितका नाही. आणि आपण काय करतो? शेवटच्या पाच मिनिटांत बर्पी, म्हणजे खाली वाकून हातांवर जाऊन पुन्हा उडी मारायचा दमवणारा प्रकार, लावून जीव काढतो. अवघड भाग पहिल्या अर्ध्यात घ्या.

‘मला कोणताच व्यायाम आवडत नाही’ म्हणणाऱ्याचं काय, असं मघाशी कुणीतरी विचारलं. त्याला आधी विचारा, कशाकशाचा अनुभव घेतलाय. बहुतेकदा उत्तर येतं, शाळेतली शिक्षा आणि एखादा महिना जिम. मग त्याच्यापुढे दोन-तीन गोष्टी ठेवा: पोहणं, नाच, बॅडमिंटन, कुणाच्या तरी सोबतीने चालणं. पहिले काही आठवडे वेग त्यालाच ठरवू द्या आणि वजनं, मिनिटं यांच्याबरोबर त्याचा उणे-अधिकचा आकडाही लिहा. आकडा सलग उणे येत असेल, तर आधी वेग कमी करून बघा. तरीही उणेच राहिला, तर प्रकार बदला.