तीन इंचांची दोरी

आजच्या या व्याख्यानाच्या पत्रिकेवर विषय छापलाय ‘समकालीन कला आणि मानवी अवस्था’. विषय मी सुचवलेला नाही, मला तो मिळालाय. ‘मानवी अवस्था’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खोल गेलेले डोळे, मोडून पडलेली माणसं, तोंड उघडून आक्रोश करणारी एखादी आकृती येते. आज मी तसलं काही दाखवणार नाही. मी सांगणार आहे न्यूयॉर्कमधल्या एका नवरा-बायकोची गोष्ट आणि त्यांनी जमवलेल्या चार हजारांहून जास्त कलाकृतींची. त्यातल्या बऱ्याचशा कामांत माणसाचं चित्र शोधूनही सापडत नाही.

हर्बर्ट व्होगेल आणि डोरोथी व्होगेल. एकेरीत बोलतो, राग मानू नका. तिथल्या कलाजगतात ते सगळ्यांना हर्ब आणि डोरोथीच होते. हर्ब न्यूयॉर्कच्याच हार्लेम भागातल्या एका ज्यू शिंप्याचा मुलगा. शाळा अर्धवट सोडलेली. पोस्टात रात्रपाळीला टपाल सॉर्ट करायचा. डोरोथी ब्रुकलिनच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल. १९६२ मध्ये लग्न झालं आणि मधुचंद्राला गेले कुठे, तर वॉशिंग्टनला. तिथल्या नॅशनल गॅलरीत हर्बनं तिला चित्रं कशी बघायची ते दाखवलं. आपल्याकडे नवी नवरी घेऊन जेजुरीला जातात, तसंच म्हणा.

परत आल्यावर दोघांनी चित्रकलेचे वर्ग केले, एक स्टुडिओ भाड्यानं घेतला, स्वतः रंगवूनही पाहिलं. मग आपल्यापेक्षा दुसऱ्यांची चित्रं बरी आहेत हे त्यांच्या लक्षात आलं. (हे वेळेत लक्षात येणं हीसुद्धा एक प्रतिभाच. माझ्या लक्षात यायला तेरा वर्षं लागली.) आपली चित्रं भिंतीवरून उतरली, दुसऱ्यांची चढली. हिशेब सरळ होता: डोरोथीच्या पगारात घर चालवायचं, हर्बच्या पगारात चित्रं घ्यायची. हर्बचा पगार वर्षाला २३ हजार डॉलरच्या वर कधी गेला नाही. नियमही साधेच. परवडलं पाहिजे, सबवेनं किंवा टॅक्सीनं घरी आणता आलं पाहिजे आणि घरात मावलं पाहिजे. घर म्हणजे मॅनहॅटनमधला एका बेडरूमचा फ्लॅट. त्यात मांजरं, कासवं आणि माशांच्या टाक्या. एकदा टाकीतलं पाणी उडून अँडी वॉरहॉल या नामवंत चित्रकाराच्या चित्रावर पडलं आणि ते दुरुस्त करून घ्यावं लागलं.

ही गोष्ट नेहमी ‘गरीब पोस्टमनचा चमत्कार’ म्हणून सांगितली जाते. मला ते पटत नाही. दोन सरकारी छापाच्या पक्क्या नोकऱ्या, मूलबाळ नाही आणि घर भाडेनियंत्रण कायद्याखालचं. मुंबईकरांना सांगायला नको, जुनी पागडीची जागा असली की माणूस काय काय करू शकतो! शिवाय त्यांचं टायमिंग. साठच्या दशकात अमूर्त चित्रकारांची आधीची पिढी महाग होऊन बसली होती, पॉप आर्ट, म्हणजे जाहिराती आणि बाजारातल्या वस्तूंवरून केलेली कला, तीही बघता बघता हातातून निघून गेली. उरले होते मिनिमल आणि कन्सेप्च्युअल वाले, म्हणजे अगदी मोजकंच मांडणारे आणि वस्तूपेक्षा कल्पनेलाच कलाकृती मानणारे. त्यांच्याकडे कुणी फिरकत नव्हतं. सॉल लविट, रिचर्ड टटल, रॉबर्ट मॅन्गोल्ड, रॉबर्ट बॅरी. कुणाचं काम म्हणजे पांढऱ्या सळ्यांची चौकट, कुणाचं म्हणजे कागदावर चार शब्द. व्होगेल त्यांच्याकडे गेले, कारण तिथलं त्यांना परवडत होतं. आवड नंतर लागली की आधीच होती, या भानगडीत मी पडत नाही. लग्नातही ते नक्की सांगता येत नाही.

खरेदीची पद्धत मात्र त्यांची स्वतःची. गॅलरीत न जाता थेट चित्रकाराच्या स्टुडिओत जायचं. साहजिकच गॅलरीवाले नाराज. तिथे ते बसून राहायचे आणि हर्ब सगळं काढायला लावायचा. पूर्ण झालेलं, अर्धवट, फसलेलं, वहीच्या पानावर पेन्सिलीनं गिरवलेलं, सगळं. कुठलं आधी केलं, कुठलं नंतर, हे तो विचारायचा. रोख पैसे द्यायचे, नाहीतर हप्ते. भाव पाडून मागतात, अशी कुरकूरही काही चित्रकारांनी केली आहे आणि ती खोटी नसावी. पण दुसरी बाजू ऐका. क्रिस्टो आणि जान-क्लोद या कलाकार जोडप्याच्या सुरुवातीच्या हलाखीच्या दिवसांत व्होगेलांचा फोन आला, तेव्हा जान-क्लोदला पहिला आनंद झाला तो आता घरभाडं देता येईल याचा. प्रत्यक्षात क्रिस्टोची कामं तोवर व्होगेलांच्या आवाक्याबाहेर गेली होती. मग तोड निघाली. क्रिस्टो आणि जान-क्लोद कोलोरॅडोत डोंगरांमधल्या दरीवर भगवा पडदा टांगायच्या उद्योगात होते. ते तिकडे असताना व्होगेलांनी त्यांचं मांजर सांभाळायचं आणि बदल्यात त्या पडद्याचं एक चित्र घ्यायचं. मांजराचं नाव ग्लॅडिस. १९७२ च्या ऑगस्टमध्ये तो पडदा लागला आणि जेमतेम २८ तासांनी वाऱ्यामुळे उतरवावा लागला. मांजर सांभाळून मिळवलेलं चित्र मात्र टिकलं.

आता ज्या कामासाठी मी हे सगळं सांगतोय त्याकडे येतो. टटलचं १९७४ चं काम आहे. कपडे वाळत घालायची साधी सुती दोरी असते ना, तिचा तीन इंचांचा तुकडा. तो भिंतीवर बारीक खिळ्यांनी ठोकलेला. संपलं. भोवती मोठी पांढरी भिंत. त्याच्या पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात टटलचं मोठं प्रदर्शन झालं. समीक्षकांनी इतकी झोड उठवली की ते भरवणाऱ्या मार्सिया टकर या क्युरेटरची नोकरी गेली. (त्यांनी पुढे १९७७ मध्ये स्वतःचं नवं संग्रहालय काढलं, ते वेगळं.) ही दोरी व्होगेलांनी घेतली.

मी ती फोटोतच पाहिली आहे. पहिल्यांदा बघितली तेव्हा चक्क अपमान झाल्यासारखं वाटलं. मग एका दिवाळीच्या सुट्टीत घरी प्रयोग केला. बाल्कनीतल्या दोरीचा तेवढा तुकडा कापला आणि हॉलमधल्या मोकळ्या भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला ठोकला. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींनी पहिल्याच दिवशी तो कचरा समजून काढायला घेतला. सासूबाईंनी विचारलं, “इथे कॅलेंडर लावणार आहात का?” बायकोनं काहीच विचारलं नाही. तिला माझी सवय आहे.

तिसऱ्या दिवशी मात्र एक गंमत लक्षात आली. घरात येणारा प्रत्येक जण त्या तुकड्यापाशी जाऊन थोडा वाकत होता. एवढं लहान काही असलं की माणसाला जवळ जावंच लागतं. जवळ गेलं की दिसायचं, कात्री लागली तिथे धागे उसवलेत, एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. सकाळी साडेआठला ऊन तिरपं यायचं तेव्हा दोरीची सावली दोरीहून लांब व्हायची. आणि ती भिंत! बारा वर्षं त्या घरात राहतोय, ती केवढी मोठी आहे हे मला कधी जाणवलं नव्हतं. एवढ्या रिकाम्या पांढऱ्यात हा एवढासा तुकडा, दोन्ही टोकांना उसवलेला, दोन खिळ्यांवर तग धरून. पाडव्याला रात्री एकटाच सोफ्यावर बसून मी त्याच्याकडे बघत होतो, आणि खरं सांगतो, पोटात काहीतरी हललं. आक्रोश करणाऱ्या आकृत्या मी खूप पाहिल्यात, त्यांनी इतकं हललं नव्हतं. त्या आकृत्या मला काय वाटलं पाहिजे ते आधीच सांगून टाकतात. दोरी काहीच सांगत नव्हती.

आयोजकांच्या विषयाशी मी प्रामाणिक राहिलोय, तो एवढाच.

पुण्याच्या श्रोत्यांना इथे दिनकर केळकर आठवल्याशिवाय राहणार नाहीत. कवी ‘अज्ञातवासी’. अडकित्ते, दिवे, दौती, दरवाजे, ज्याला कुणी कला म्हणत नव्हतं असं सगळं त्यांनी आणि त्यांच्या पत्नी कमलाबाईंनी जमवलं, अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं संग्रहालय उभं केलं आणि १९७५ मध्ये ते महाराष्ट्र सरकारला देऊन टाकलं. केळकरांच्या वस्तूंवर वापरणाऱ्या हातांच्या खुणा आहेत, व्होगेलांच्या कागदांवर करणाऱ्या हातांच्या. फरक तेवढाच, असं मला वाटतं.

देण्याची वेळ व्होगेलांवरही आली. पलंगाखाली, कपाटांत, न्हाणीघराच्या भिंतीवर, कुठेच जागा उरली नाही. १९९२ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीशी करार केला. तीच गॅलरी का? एक तर तिथे प्रवेश फुकट, दुसरं म्हणजे ती आपल्याकडची चित्रं विकत नाही. आणि मधुचंद्र होताच. त्या एका बेडरूममधून सामान न्यायला पाच मोठे ट्रक लागले. तीस वर्षांत त्यांनी स्वतः एकही चित्र विकलं नव्हतं. विकलं असतं तर करोडपती झाले असते. म्हातारपणाची सोय म्हणून गॅलरीनं त्यांना वर्षासन लावून दिलं. त्या पैशांतून दोघांनी काय केलं असेल? आणखी चित्रं घेतली. फ्लॅट पुन्हा भरला.

शेवटी संग्रह इतका वाढला की एकट्या नॅशनल गॅलरीलाही तो पेलेना. २००८ मध्ये अमेरिकेच्या पन्नास राज्यांतल्या एकेका संग्रहालयाला पन्नास-पन्नास कामं देण्याची योजना जाहीर झाली. एकूण अडीच हजार. कौतुक खूप झालं. मला स्वतःला त्याची थोडी चुटपुट लागते. एका माणसाच्या हाताखालून गेलेला क्रम, म्हणजे हर्ब जो विचारून विचारून लावायचा, ‘हे आधी, ते नंतर’, तो आता पन्नास ठिकाणी फुटला. पण ही संग्रह बघणाऱ्याची तक्रार झाली. देणाऱ्यांची काहीच तक्रार नव्हती.

जुलै २०१२ मध्ये हर्ब गेला. ज्या पद्धतीनं ते दोघं जगले ते बघता, डोरोथी पुढे घेत राहील असं कुणालाही वाटलं असतं. पैसे होते, ओळखी होत्या, चित्रकार तर पायघड्या घालायला तयार होते. तिनं थांबवलं. हे आम्ही दोघांनी मिळून केलेलं काम होतं, असं तिचं म्हणणं होतं, आणि तिनं एकटीनं त्यात भर घातली नाही.

आमच्या भिंतीवरची दोरी अजून आहे. सासूबाई आता तिच्यावरून धूळ झटकतात.