सोनोग्राफी कितीदा चालते?

नमस्कार श्रोतेहो.

आजचा प्रश्न मला आठवड्यातून निदान एकदा तरी ऐकायला मिळतो. बाई टेबलावर आडवी झालेली असते, पोटावर गार जेल पडलेलं असतं, मी प्रोब टेकवणार तेवढ्यात ती माझं मनगट धरते. "डॉक्टर, ही सहावी वेळ. एवढे किरण बाळाला चालतात का हो?"

मी हात तिथंच थांबवते आणि आधी उत्तर देते. ते उत्तर आज तुम्हालाही देते. सोनोग्राफीत किरण नसतात. पुन्हा सांगते, सोनोग्राफीत किरण नसतात, आवाज असतो. आपल्या कानाला सेकंदाला फार तर वीस हजार कंपनांचा आवाज ऐकू येतो. पोटावरून करायच्या सोनोग्राफीत तो सेकंदाला साधारण वीस ते पन्नास लाख कंपनांचा असतो, म्हणून ऐकू येत नाही. पण आहे तो आवाजच. तो शरीरात जातो, आतल्या वस्तूंवर आपटतो आणि परत येतो. परत आलेल्या आवाजाचं चित्र पडद्यावर दिसतं.

दुसरी गोष्टही आत्ताच सांगून टाकते. कारण असताना, जाणत्या हातांनी केलेली सोनोग्राफी एकदा झाली काय किंवा दहादा झाली काय, तिच्यामुळे बाळाला इजा झाल्याचा भरवशाचा पुरावा आजवर मिळालेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं जगभरातला अभ्यास एकत्र करून २००९ साली हेच सांगितलं. मात्र "कारण असताना" हे दोन शब्द सोडू नका. त्यांच्याकडे मी परत येणार आहे.

मग ही किरणांची भीती आली कुठून? ती उगीच आलेली नाही, आणि ती बोलून दाखवणाऱ्या बाईला अडाणी म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. एके काळी गरोदर बाईच्या पोटाचे एक्स-रे सर्रास काढत असत. मूल आडवं आहे की उभं, जुळं आहे का, हे त्यावरून कळायचं. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला ॲलिस स्टुअर्ट नावाच्या डॉक्टर होत्या. कॅन्सरनं दगावलेल्या लहान मुलांच्या आया आणि धडधाकट मुलांच्या आया, दोघींना त्यांनी गरोदरपणातल्या गोष्टी विचारून घेतल्या. १९५६ साली त्यांनी पहिले आकडे मांडले. पोटात असताना ज्यांचा एक्स-रे निघाला होता त्या मुलांत कॅन्सरचं प्रमाण जवळजवळ दुप्पट होतं. मोठमोठ्या लोकांनी ते मानायला वर्षानुवर्षं घेतली. आयांच्या आठवणीवर कसा विश्वास ठेवायचा, असा त्यांचा आक्षेप होता. आयांना बरोबर आठवत होतं. माझ्या मते वैद्यकातल्या निम्म्या चुका आयांचं न ऐकल्यामुळे होतात, पण तो वेगळ्या भाषणाचा विषय आहे.

तर गरोदर बाईच्या पोटात काय चाललंय ते पाहायला एक्स-रेपेक्षा निर्धोक असं काहीतरी हवं होतं. ते कसं सापडलं, ही गोष्ट मी आजवर कितीतरी विद्यार्थ्यांना सांगितली आहे. आज तुम्हाला सांगते.

स्कॉटलंडमधलं ग्लासगो शहर. तिथल्या विद्यापीठात १९५४ साली इयान डोनाल्ड प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात डॉक्टर होते. रडार काय करतं, समुद्रात पाणबुडी आवाजानं कशी शोधतात, हे त्यांनी तिथं पाहिलं होतं. ते डोक्यात घर करून राहिलं होतं. पाण्याखालचं लोखंड आवाजानं सापडतं, तर पोटातली गाठ का सापडू नये?

ग्लासगोजवळ रेनफ्रूला बॉयलर बनवणारा एक मोठा कारखाना होता. बॉयलरच्या जाड पोलादी पत्र्यात आत कुठं तडा आहे का, हे पाहायला त्यांच्याकडे एक यंत्र होतं. पत्र्यावर ते टेकवायचं, आवाज आत सोडायचा. पोलाद सलग असेल तर आवाज थेट पलीकडच्या कडेला आपटून येतो. मध्ये तडा असेल तर आवाज तिथूनच माघारी फिरतो आणि पडद्यावर एक जास्तीचा उंच काटा उभा राहतो.

डोनाल्डांनी उपचार केलेल्या एका बाईचे यजमान त्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते. त्या ओळखीवर आमंत्रण आलं. २१ जुलै १९५५ ला प्राध्यापकमहाशय निघाले. दोन मोटारी घेतल्या, आणि त्यांच्या डिकीत काय भरलं असेल? ऑपरेशन करून काढलेल्या गाठी! गर्भाशयाच्या फायब्रॉइडच्या गाठी, बीजकोशाच्या पाण्यानं भरलेल्या गाठी, लहानमोठ्या, सगळ्या प्रकारच्या. कारखान्याच्या लोकांनीही तयारी करून ठेवली होती. तुलनेसाठी म्हणून त्यांनी मांसाचा एक भलामोठा तुकडा आणून ठेवला होता.

चित्र डोळ्यांपुढे आणा. बॉयलरचा कारखाना. आजूबाजूला पोलाद. आणि एका यंत्रापाशी हे डॉक्टर एकेक गाठ ठेवून प्रोब टेकवताहेत. पाण्याची गाठ ठेवली की पडद्यावर अलीकडे एक काटा आणि पलीकडे एक काटा, मध्ये शांत सरळ रेघ. पाण्यातून आवाज कुठंही न अडखळता आरपार जातो म्हणून. फायब्रॉइडची भरीव गाठ ठेवली की आवाज आतल्या आत विरत जातो, काटे बुटके होत होत संपतात. हात न लावता, न कापता, आत पाणी आहे की मांस, ते पडद्यावर स्पष्ट दिसत होतं! एवढा फरक दिसेल असं खुद्द डोनाल्डांनाही वाटलं नव्हतं.

आता टॉम ब्राऊनचं नाव सांगायलाच हवं. ग्लासगोतल्याच केल्विन अँड ह्यूज या कंपनीतला हा तरुण इंजिनिअर. पोलादाचे तडे शोधायचं यंत्र कुणीतरी प्राध्यापक माणसांवर वापरतो आहे, असं त्याच्या कानावर आलं. त्यानं टेलिफोन डिरेक्टरीत डोनाल्डांचा नंबर शोधला आणि सरळ फोन केला. जाऊन पाहतो तर डोनाल्ड एका जुन्यापान्या यंत्राशी झटत बसलेले. ब्राऊननं चांगलं यंत्र मिळवून दिलं. पुढं पोटावर प्रोब सरकवून नुसत्या काट्यांऐवजी आतलं चित्रच उमटवणारं यंत्रही त्यानंच बांधलं. शोध म्हटला की आपण डॉक्टरांचं नाव घेतो. यंत्र बांधणारा इंजिनिअर कुणालाच ठाऊक नसतो. मला हे अन्यायाचं वाटतं, म्हणून मी ही गोष्ट ब्राऊनचं नाव घेतल्याशिवाय कधीही पुरी करत नाही.

याच काळात एका बाईंना डोनाल्डांकडे दाखवलं गेलं. पोट खूप फुगलेलं, तब्येत खालावत चाललेली. जठराचा कॅन्सर, ऑपरेशनच्या पलीकडे गेलेला, असं निदान झालेलं होतं. म्हणजे आशा संपल्यातच जमा. डोनाल्डांनी प्रोब टेकवला. पडद्यावर अलीकडे एक काटा, पलीकडे एक काटा, मध्ये शांत सरळ रेघ. रेनफ्रूला पाण्याच्या गाठीनं दाखवली होती अगदी तीच रेघ! पोट उघडलं तर बीजकोशाची प्रचंड मोठी गाठ निघाली. ती काढली आणि बाई बऱ्या झाल्या. त्यानंतर या माणसाला थांबवणं कुणालाच शक्य नव्हतं.

७ जून १९५८ ला 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात डोनाल्ड, त्यांचे सहकारी डॉक्टर मॅक्विकार आणि ब्राऊन या तिघांचा लेख छापून आला. माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं हे, की सुरक्षिततेचा प्रश्न त्यांनी पहिल्याच दिवसापासून विचारला होता. मांजराच्या नवजात पिल्लांच्या मेंदूवर हा आवाज सोडून त्यांनी इजा होते का ते तपासलं होतं. इजा दिसली नाही. एक्स-रेच्या वेळी जे आधी विचारायला हवं होतं, ते इथं आधीच विचारलं गेलं.

बरं, आता आजच्या यंत्राकडे येऊ. आवाजानं काहीच होत नाही, असं मी म्हणणार नाही. आवाज अंगात मुरला की थोडी ऊब तयार होते, मऊ भागापेक्षा हाडाजवळ जास्त. पण यंत्र सतत आवाज सोडत नाही. साध्या चित्राच्या सोनोग्राफीत ते सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाएवढा वेळ बोलतं आणि त्याच्या सुमारे हजारपट वेळ नुसतं ऐकत बसतं. म्हणून त्या साध्या चित्रात ऊब नगण्य असते. पडद्याच्या कोपऱ्यात टीआय नावाचा आकडा असतो. तो एक असेल तर तापमान फार तर एक अंश सेल्सिअसच्या आसपास वाढू शकतं, असा अंदाज असतो. आम्ही तो एकच्या आत ठेवतो आणि काम झालं की प्रोब उचलतो. बाईला ताप असेल तर जास्त जपतो, कारण तिचं अंग आधीच तापलेलं असतं.

डॉप्लरची गोष्ट थोडी निराळी. रक्त कसं वाहतंय ते पाहायला त्यात आवाज एकाच जागी रोखून धरावा लागतो, म्हणून तिथं ऊब जास्त. सुरुवातीच्या आठवड्यांत, बाळाचे अवयव घडत असताना, नुसते ठोके ऐकायला ते डॉप्लर लावू नये. ठोके मोजायला एम-मोड नावाची सौम्य पद्धत असते. पण हेच डॉप्लर पुढच्या महिन्यांत, बाळाची वाढ खुंटल्यासारखी वाटत असेल तेव्हा, नाळेतलं रक्त नीट वाहतंय का ते दाखवतं आणि बाळांचे जीव वाचवतं. तेव्हा डॉप्लरचं नाव ऐकून घाबरू नका. कितव्या महिन्यात आणि कशासाठी, ते विचारा.

आणि कितीदा? ऑस्ट्रेलियात पर्थला नेमका हाच प्रश्न घेऊन मोठा अभ्यास झाला. २,८३४ गरोदर बायकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला अठराव्या आठवड्यात एकच सोनोग्राफी. दुसऱ्या गटाला अठरा, चोवीस, अठ्ठावीस, चौतीस आणि अडतीस आठवड्यांना, अशी पाचदा, डॉप्लरसह. १९९३ साली निष्कर्ष आले तेव्हा सगळे दचकले. पाचदा तपासलेल्या गटात जन्मतः लहानखुरी बाळं थोडी जास्त होती. पण अभ्यास करणाऱ्यांनी तिथं हात झटकले नाहीत, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. ती मुलं आठ वर्षांची होईपर्यंत ते त्यांना पाहत राहिले. २००४ साली त्यांनी सांगितलं की पहिल्या वाढदिवसापासून पुढं दोन्ही गटांतली मुलं अंगानं सारखीच होती. बोलणं, वागणं, बुद्धी, कशातच फरक नव्हता.

मग मी "कारण असताना" यावर एवढी का अडून बसते? १९९२ साली अमेरिकेत गर्भासाठीच्या यंत्रांच्या आवाजाच्या ताकदीची कमाल मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला ९४ मिलिवॅटवरून ७२० मिलिवॅटवर गेली. मोठे अभ्यास बहुतेक त्याआधीच्या, कमी ताकदीच्या यंत्रांवर झालेले. आजचं यंत्र त्याहून जोरात बोलू शकतं. म्हणून नुसती हौस म्हणून, बाळाचा चेहरा पाहायला, अर्धा अर्धा तास प्रोब फिरवत बसणं मला मान्य नाही. घरी ठोके ऐकायची छोटी यंत्रं तर माझ्या मते घेऊच नयेत. तिथं मला आवाजाची भीती नाही, खोट्या दिलाशाची आहे. आईच्या स्वतःच्या रक्तवाहिनीचा आवाज बाळाचा समजून घरी बसून राहतात. बाळाची हालचाल कमी वाटली तर यंत्र कानाला लावू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

उलट कारण असेल तर संख्येला बिचकू नका. वार, म्हणजे प्लॅसेंटा, खाली असेल, साखर वाढलेली असेल, वाढ मागे पडली असेल, तर सोनोग्राफी वाढणारच. जुळ्यांची वार एकच असेल तर सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी पाहावं लागतं, कारण एकाचं रक्त दुसऱ्याकडे जाऊ लागलं तर ते वेळेत कळायला हवं.

अशीच एक बाई माझ्याकडे येत असे. एक वार, दोन बाळं. तिसऱ्या वेळी तिनं माझं मनगट धरलं आणि मी तिला आत्ता तुम्हाला सांगितलं तेच सांगितलं. पुढच्या खेपेला ती एक छोटी वही घेऊन आली. आधीच्या तिन्ही तारखा आणि त्यांची कारणं तिनं लिहून काढली होती. त्या दिवसापासून प्रोब टेकवण्याआधी ती मला विचारायची, "आज कशासाठी?" मी सांगायचे, ती लिहून घ्यायची, मग आडवी व्हायची. तारखेपुढं एकेक शब्द. वाढ. पाणी. डॉप्लर. पुन्हा वाढ. एकदा माझ्याकडे सांगण्यासारखं कारण नव्हतं, आधीचा रिपोर्ट चार दिवसांपूर्वीचाच होता. त्या दिवशी मी तिला तपासलं, नाडी पाहिली, रक्तदाब घेतला आणि यंत्र न लावता घरी पाठवलं.

छत्तिसाव्या आठवड्यात ती शेवटची आली. वहीत तेरा ओळी भरलेल्या होत्या. चौदाव्या ओळीत तिनं लिहिलं, पहिल्या बाळाचं डोकं खाली.