पावट्याएवढा सी अर्चिन

ही वाळू जरा नीट बघा. तुटक्या शिंपल्याशेजारचा तो राखाडी-हिरवट दाणा आत्ता हलला, दिसला? तो दाणा नाहीये. पूर्ण वाढ झालेला सी अर्चिन आहे तो, समुद्राच्या तळावरचा काटेरी, गोल प्राणी.

याला पी अर्चिन म्हणतात, वाटाण्यावरून. शास्त्रीय नाव एकायनोसायमस पुसिलस, त्यात काटे पण आहेत आणि ग्रीक भाषेतला पावटा पण. अंगठ्याच्या नखावर मावेल, साधारण 5 ते 10 मिलिमीटर, फार झालं तर 15. नॉर्वेपासून पश्चिम आफ्रिकेपर्यंत आणि भूमध्य समुद्रात पण हा राहतो, आपलं हे शूट मात्र स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याचं आहे.

आता अगदी जवळून. सी अर्चिन म्हटलं की पायात घुसणारे लांब काळे काटे डोळ्यासमोर येतात, याचे काटे म्हणजे नुसती लव, इतके आखूड आणि दाट. त्यांच्यामधून ते पारदर्शक धागे लवलवतायत ना, ते याचे पाय, आत पाणी भरून चालणारे. बघा काय करतोय, वाळूचा एक कण उचलला, तोंडाखाली आणला, आणि आता काट्यांनी आणि पायांनी धरून तो कण गोल गोल फिरवतोय, आणि आतले पाच दात त्या कणावरची डायटम म्हणजे सूक्ष्म शैवालं आणि बाकीचा थर खरवडून घेतायत, मक्याचं कणीस फिरवत फिरवत खावं ना अगदी तसं. कण साफ झाला, टाकला, दुसरा घेतला. एडिटिंग करताना हा शॉट कापायला माझा हातच धजेना, म्हणून अख्खा ठेवलाय.

मेल्यावर काटे गळून जातात आणि हे पांढरं कवच उरतं. वर पाच पाकळ्यांची नक्षी दिसतेय, तिथून तो श्वास घेत होता. हे फुटलेलं कवच, आत बघा, छतापासून तळापर्यंत उभ्या भिंती, पाच जोड्या, म्हणूनच एवढं नाजूक दिसणारं घर लाटांचा मारा खाऊन पण अख्खंच किनाऱ्याला लागतं. या दुसऱ्याला गोल भोक आहे, गिरमिटाने पाडल्यासारखं. ते शिकारी गोगलगायीचं काम.

पण याला राहायला लागते ती जाडी, खडीसारखी वाळू. चिखलात नाही जमत, कणांच्या मधे शिरायला फट पाहिजे. आणि फटीच फटी कुठे, तर इथे. हे गुलाबी, संक्रांतीच्या काटेरी हलव्यासारखं दिसतंय ते मेर्ल. दगड नाही, शेवाळ आहे, अंगात चुना साठवणारं, वर्षाला जेमतेम 1 मिलिमीटर वाढतं, आणि तुकड्यावर तुकडा साचत असा जाड थर व्हायला शेकडो, हजारो वर्षं जातात, मग त्याच्या आत पी अर्चिन, छोटे खेकडे, किडे, स्कॅलप नावाच्या शिंपल्यांची पिल्लं असं सगळं गोकुळ नांदतं. स्कॅलप पकडायला लोखंडी दात्यांचे ड्रेज, म्हणजे तळ खरवडणारी अवजड जाळी, यावरून ओढले की एका फेरीत हे मोडतं आणि गाळाखाली जातं.

स्कॉटलंडमधल्याच आरन बेटावरच्या लोकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि 2008 मध्ये तिथल्या लॅमलॅश बे या खाडीच्या एका भागात मासेमारी पूर्ण बंद झाली. हा शेवटचा शॉट तिथला. जेवढं गुलाबी दिसतंय तेवढं सगळं जिवंत आहे.