चिसासिबी: बेट सुटलं, रान राहिलं

मंडळी, कॅनडातल्या क्यूबेक प्रांताच्या उत्तरेला, जेम्स उपसागराच्या काठी चिसासिबी नावाचं, क्री या तिथल्या मूळनिवासी लोकांचं गाव आहे. मे महिन्यात तिथली शाळा साधारण दोन आठवडे बंद असते. रानहंसांचे थवे परत आलेले असतात आणि घरंच्या घरं, म्हाताऱ्यांपासून तान्ह्यांपर्यंत, किनाऱ्यावरच्या तळांवर मुक्कामाला गेलेली असतात.

ही शिकार म्हणजे वाटेल तसा गोळीबार नव्हे. प्रत्येक तळावर एक जाणता म्होरक्या असतो आणि त्याचा शब्द सगळे पाळतात. वारा पडला असेल तर बंदूक उचलायची नाही. शांत हवेत बार दूरवर ऐकू जातो, थवे बिथरतात. अंधारात बार काढायचा नाही. एका जागी शिकार झाली की तिला काही दिवस विसावा द्यायचा. पिढ्यान्‌पिढ्या पक्ष्यांवर नजर ठेवून बसलेल्या माणसांनी हे नियम घातलेत. मला हे शास्त्रच वाटतं. मिळालेला हंस राहुटीत विस्तवाशेजारी दोरीला टांगून, हळूहळू फिरवत भाजतात.

मूल चालू लागलं की त्याचा एक सोहळा होतो. तोवर राहुटीबाहेर त्याचे पाय जमिनीला लावू देत नाहीत. त्या दिवशी मोठ्यांचा हात धरून ते बाहेर पडतं, झाडापर्यंत जातं आणि परत येऊन वडीलधाऱ्यांना भेटतं. मुलाच्या हाती खेळण्यातली बंदूक, मुलीच्या हाती छोटी कुऱ्हाड.

हे गाव पूर्वी फोर्ट जॉर्ज बेटावर होतं. 1971 साली प्रांताचे प्रमुख रोबेर बुरासा यांनी ला ग्रांद नदीवरचा प्रचंड वीजप्रकल्प जाहीर केला, तोही क्री लोकांना न विचारता. लोक कोर्टात गेले. तळांवरचे शिकारी साक्षीला आले. 1973 मध्ये न्यायमूर्ती आल्बेर मालूफ यांनी काम थांबवलं. आठवडाभरात वरच्या कोर्टाने ते पुन्हा सुरू करू दिलं. अखेर 1975 मध्ये सरकार आणि क्री लोक यांच्यात करार झाला. वाढलेल्या प्रवाहाने बेट खचेल, या भीतीने 1980च्या सुमारास वस्ती मुख्य भूमीवर आली. कित्येक घरं तर उचलूनच आणली. जलाशयांत बुडालेल्या माती-पाल्यामुळे माशांत पारा साठला. हिवाळ्यात विजेची मागणी वाढते, पाणी जोरात सुटतं, आणि नदीच्या मुखाजवळच्या ज्या बर्फावरून माणसं निर्धास्त जायची, त्याचा भरवसा गेला. हे नुकसान कुठल्याही रकमेने भरून निघणारं नाही, असं मी स्पष्ट म्हणेन.

पण क्री लोकांनी त्याच करारात एक कलम पदरात पाडून घेतलं, आणि माझ्या मते ते सगळ्यात मोलाचं आहे. शिकार आणि सापळ्यांवर जगणाऱ्या कुटुंबांना, रानात काढलेल्या दिवसांच्या हिशेबाने, दरवर्षी पैसे मिळतात. शिकारीला काम म्हणून मान्यता मिळाली. पेट्रोल, काडतुसं, स्नोमोबाइल यांचा खर्च त्यातून निघतो, म्हणूनच वर्षातले कित्येक महिने रानातल्या तळावर काढणारी कुटुंबं तिथे आजही आहेत.